गुळातला न दिसणारा कण आणि जोंधळ्याची कणी

प्रश्न थोडक्यात असा होता: "अन्न शिजवताना, भाजताना त्यात नॅनो-कण तयार होतात, ते आतड्याच्या अस्तरातून आरपार जातात आणि 'लीकी गट', म्हणजे गळकं आतडं, होतं, असा व्हिडिओ नणंदेने पाठवला. मला दोन वर्षांपासून गॅसेस, पोट फुगणं, सकाळी पोट साफ न होणं हा त्रास आहे. व्हिडिओ बघून सहा महिन्यांपूर्वी गूळ, भाकरी आणि भाजलेले शेंगदाणे बंद केले. आता मऊ भात, मिक्सरमधून काढून गाळलेलं सूप आणि ऑफिसात दोन वेळा चहा-बिस्किट, एवढंच चालू आहे. त्रास कमी तर नाहीच, वाढलाय. हे कण खरंच असतात का? मी काय खाऊ?"

ताई, कण खरंच असतात. व्हिडिओतली तेवढी गोष्ट खोटी नाही. पण तेवढ्या खऱ्या गोष्टीवर पुढे जो डोलारा उभा केलाय, त्यापायी तुमच्या ताटातून नेमके कामाचे पदार्थ गेले आणि ज्यांच्याकडे जरा बारकाईने बघायला हवं होतं ते तसेच राहिले. बावीस वर्षं मी पोटाच्या पेशंटांच्या आहाराचं काम करते. असं उलटं झालेलं ताट घेऊन येणाऱ्या बायका अलीकडे फार वाढल्यात, आणि दर वेळी मला हळहळ वाटते. म्हणून तुमच्या निमित्ताने सविस्तर लिहिते.

गुळापासून सुरू करू, कारण तोच तुम्ही आधी सोडलात. गुवाहाटीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी ब्रेड, गूळ, साखरेचा करपवलेला पाक, कॉर्नफ्लेक्स आणि बिस्किटं असे रोजचे पदार्थ घेतले आणि त्यांतून कार्बनचे अतिसूक्ष्म गोल कण वेगळे काढून दाखवले. आकार ४ ते ३० नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आतड्यातला साधा जिवाणू हजार-दोन हजार नॅनोमीटर लांब असतो, त्याच्यापुढेही हे कण चिमुकलेच. तापमान जितकं जास्त तितके कण बारीक, असंही त्यांना आढळलं.

हे होतं कसं, ते गुऱ्हाळावर उभं राहिलं की डोळ्यांनी कळतं. काहिलीत उसाचा रस आधी हिरवट-राखाडी असतो. भेंडीचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते, ती काढून टाकतात. मग रस आटत जातो, फेसाचा रंग पालटतो, बुडबुडे जड होतात आणि गुळव्या थोडासा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का बघतो. त्या वेळी काहिलीतलं तापमान ११८-१२० अंशांच्या आसपास असतं. पांढऱ्या साखरेला नसलेला जो तांबूस रंग आणि खमंग वास गुळाला येतो, तो साखरेचे रेणू या उष्णतेत तुटून, एकमेकांना चिकटून नवीन काहीतरी बनल्यामुळे. त्या नव्या गोष्टींतच हे कार्बनकण आहेत. पावाच्या तांबूस कडेवर आणि बिस्किटाच्या खमंगपणातही तेच घडतं.

आता एक लक्षात घ्या. गूळ आणि बिस्किट दोन्ही त्या एकाच यादीत आहेत. तुम्ही गूळ सोडला आणि बिस्किट ठेवलं. व्हिडिओ करणाऱ्याने संशोधन वाचलं असतं तर त्याने दोन्ही सांगितले असते. आणखी एक, त्याच निबंधात संशोधकांनी लिहिलंय की हे पदार्थ माणूस शतकानुशतकं खात आला आहे, त्यामुळे हे कण सुरक्षित मानता येतील. 'पूर्वापार खातोय म्हणजे चांगलंच' हा युक्तिवाद मला स्वतःला पुरेसा वाटत नाही, तंबाखूही पूर्वापार आहे. पण या कणांमुळे माणसाच्या आतड्याला भोक पडल्याचं त्या निबंधात कुठेही नाही. गुळाबद्दल माझी खरी सूचना साधी आहे: तो बहुतांशी साखरच आहे, तेव्हा खडा खा, ढेप नको. कणांसाठी तो सोडायचं कारण नाही.

मुळात 'कण नॅनो आहे म्हणून वाईट' हा विचारच चुकीच्या पायावर उभा आहे. दुधाचं उदाहरण घ्या. दूध पांढरं दिसतं त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यातल्या केसीन प्रथिनाचे कण, सरासरी दीडशे-दोनशे नॅनोमीटरचे. बाळाच्या पोटात पहिल्या दिवसापासून असे कण जातात. त्याहून पुढची गोष्ट आपल्या स्वतःच्या आतड्यात घडते. तुम्ही भातावर तूप घेतलं की पित्तातले क्षार त्या तुपाला फोडून फोडून काही नॅनोमीटरच्या गोळ्या बनवतात, तेव्हा कुठे ते शोषलं जातं. म्हणजे दर जेवणानंतर लहान आतडं स्वतःच नॅनो-कणांचा कारखाना चालवत असतं. पाया सूपसारख्या हाडं उकळून केलेल्या रश्शातही चरबी आणि प्रथिनांचे असे कण तरंगत असतात. आकार बघून घाबरायचं तर माणसाने जेवूच नये.

मग बघायचं काय? कण कशाचा आहे, आणि आतड्याच्या कुठल्या टप्प्यापर्यंत तो टिकून पोचतो. तुमच्या त्रासाचं उत्तर मला या दुसऱ्या भागात दिसतं.

त्यासाठी आधी आतड्याची भिंत समजून घेऊ, कारण व्हिडिओत ती मलमलीसारखी दाखवलेली असणार. मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला बुळबुळीत स्रावाचा थर असतो, श्लेष्माचा. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या गुन्नार हान्सन यांच्या गटाने २००८ मध्ये उंदरांच्या आतड्यात दाखवलं की हा थर एक नसून दोन आहेत. बाहेरचा सैल, त्यात जिवाणू राहतात. आतला घट्ट, पेशींना चिकटलेला, त्यात जिवाणू जवळजवळ नसतातच. शेणाने सारवलेल्या भिंतीवर पुन्हा चुन्याचा हात द्यावा तसं. पेशी हा थर सतत नव्याने बनवत असतात. अन्नातला बहुतेक कण पेशीपर्यंत पोचण्याआधीच या थरात अडकतो आणि शौचाबरोबर बाहेर पडतो. लहान आतड्यात काही खास जागा अशा आहेत की तिथल्या पेशी मुद्दाम कण आत घेतात आणि प्रतिकारशक्तीला दाखवतात, 'हे आलंय, ओळख करून घे' म्हणून. ती शरीराची पहाऱ्याची चौकी आहे, तिला भगदाड म्हणू नये.

हा थर पातळ होतो कधी? २०१६ साली महेश देसाई, एरिक मार्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जिवाणूविरहित उंदरांच्या आतड्यात माणसाच्या आतड्यातले ठरावीक जिवाणू सोडले आणि काही उंदरांचा चोथा, म्हणजे तंतू, पूर्ण बंद केला. खायला काही मिळेना तेव्हा ते जिवाणू श्लेष्माचा थरच खाऊ लागले. थर पातळ झाला आणि रोगजंतूंना भिंत जवळ आली. हा उंदरांवरचा प्रयोग आहे, तो जसाच्या तसा माणसावर लावू नये हे खरं. पण तुमचं सहा महिन्यांचं ताट मी वाचलं तेव्हा पहिल्यांदा हाच प्रयोग आठवला. मऊ पांढरा भात, गाळलेलं सूप, मैद्याचं बिस्किट. यातलं मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं काय? जवळजवळ काहीच नाही. तुमचे जिवाणू उपाशी आहेत, ताई.

आकडेच सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय पदार्थांचे तक्ते काढले, त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत, बाजरीत ११ च्या पुढे. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीनाच्या आत. तुम्ही भाकरी बंद केलीत तेव्हा तुमच्या दिवसातला तंतूंचा सगळ्यात मोठा वाटा गेला.

आता ज्या कणाबद्दल मला खरं बोलायचंय तो कण. तो डोळ्यांना दिसतो. आपल्याकडे त्याला कणी म्हणतात.

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच गव्हाच्या दोन लापश्या केल्या. एकीत कणी दोन मिलिमीटरची, भरड. दुसरीत ०.२ मिलिमीटरहून बारीक, पिठासारखी. गहू तोच, पिष्ट (स्टार्च) तेवढंच, दोन्ही नीट शिजवलेल्या. त्या दिल्या नऊ जणांना, ज्यांचं मोठं आतडं शस्त्रक्रियेने काढलेलं होतं आणि लहान आतड्याचं तोंड पोटावरच्या पिशवीत उघडत होतं. त्यामुळे लहान आतड्यातून न पचता पुढे काय जातं हे प्रत्यक्ष तपासता आलं. भरड लापशीनंतर रक्तातली साखर एकतृतीयांशाने कमी वाढली, इन्सुलिनही बरंच कमी लागलं. आणि पिशवीत आलेल्या कणीकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर तिच्या पोटात पिष्ट अजून शाबूत होतं. शिजलेली कणी तासन् तास पाचकरसात राहूनही बाहेरून कुरतडली गेली होती, आतून नाही.

कारण धान्याची प्रत्येक पेशी म्हणजे भिंतीची एक खोली आहे आणि पिष्टाचे कण त्या खोलीत बंद असतात. ती भिंत तोडायला आपल्याकडे पाचकरस नाही. गिरणीचा दगड, मिक्सरचं पातं किंवा आपले दात, यांनीच ती तुटते. पीठ जितकं बारीक तितक्या जास्त खोल्यांची दारं उघडी. उघड्या खोलीतलं पिष्ट लहान आतड्यातच पचून रक्तात जातं. बंद खोलीतलं काही पिष्ट मोठ्या आतड्यापर्यंत प्रवास करतं आणि तिथे जिवाणूंचं जेवण होतं.

हे घरी बघता येतं. उकडलेला एक हरभरा घ्या, साल काढा आणि डाळिंबी अंगठ्या-तर्जनीत चुरडा. तो भातासारखा चिकट होत नाही, रवाळ लागतो, ओल्या वाळूसारखा. बोटांना जे रवे जाणवतात ते म्हणजे एकमेकींपासून सुट्या झालेल्या, पण आतून अजून बंद असलेल्या पेशी आणि त्यांचे पुंजके. शिजवल्याने त्या सुट्या झाल्या, फुटल्या नाहीत. आता तोच हरभरा पाणी घालून मिक्सरमध्ये गुळगुळीत होईतो फिरवा आणि पुन्हा बोटांत धरा. तो रवाळपणा बराचसा गेलेला असतो. गाळला तर उरलेला चोथाही गेला.

मोठ्या आतड्यात जिवाणू हे पिष्ट आणि तंतू आंबवतात आणि त्यातून छोटी मेदाम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. शरीरातल्या बाकीच्या बहुतेक पेशी रक्तातून जेवतात, या पेशी मात्र आतड्याच्या पोकळीतून, जिवाणूंच्या हातचं जेवतात. तुमचं अस्तर मजबूत करायचं तर हा रस्ता आहे. ते 'लीक' होऊ नये म्हणून अन्न गाळून गाळून खाल्लं तर उलटं होतं.

माझ्या एका पेशंटचं सांगते. निवृत्त शिक्षक, कवळी नीट बसत नव्हती म्हणून घरच्यांनी प्रेमाने सगळं मिक्सरमधून काढून द्यायला सुरुवात केली. भाजी, भात, वरण, सगळ्याची खीर. वर्षभरात बद्धकोष्ठ इतकं वाढलं की जुलाबाच्या गोळीशिवाय पोट हलेना. आम्ही औषधात फारसा बदल केला नाही. फक्त सकाळी मऊ शिजवलेल्या जोंधळ्याच्या कण्या ताकात, आणि दुपारी मिक्सरऐवजी रवीने घुसळलेलं सालीच्या मुगाचं वरण सुरू केलं. कण्यांना दात लागत नाहीत, पण त्या पीठही नसतात. तीन-चार आठवड्यांत गोळी रोजची होती ती आठवड्यातून एकदावर आली. एका माणसाच्या अनुभवावरून नियम करू नये हे मला माहीत आहे, पण अशी माणसं मी बरीच बघितलीत.

शिळ्या भाताबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी पुढचा व्हिडिओ बहुधा त्याचाच येईल. तांदूळ शिजताना पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात. गार होताना त्यातल्या काही साखळ्या परत एकमेकींना घट्ट बिलगतात आणि हा बिलगलेला भाग पाचकरसाला दाद देत नाही. इंडोनेशियातल्या एका अभ्यासात २०१५ मध्ये मोजलं गेलं: ताज्या पांढऱ्या भातात असं न पचणारं पिष्ट शंभर ग्रॅमला ०.६४ ग्रॅम, तर चोवीस तास फ्रीजमध्ये ठेवून परत गरम केलेल्यात १.६५ ग्रॅम. म्हणजे वाढ अडीच पट, पण वाढून वाढून एक ग्रॅम. वाईट नाही, चमत्कारही नाही. शिळी भाकरी ताकात कुस्करून खाणं मला याहून आवडतं, कारण तिथे गार झालेलं पिष्ट आणि ज्वारीचे तंतू दोन्ही मिळतात. भाताच्या बाबतीत मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळा. भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते उगवतात आणि त्यांचं उलटी घडवणारं विष परत गरम करून जात नाही. उरलेला भात तास-दीड तासात पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये गेला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी संपला पाहिजे.

भाकरीवरचे काळे ठिपके: अगदी करपलेला भाग खरवडून टाका, बाकी भाकरी खा. ॲक्रिलामाइड म्हणून कॅन्सरच्या शंकेवरून ज्याची चर्चा होते तो रेणू आहे, कण नाही. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तो तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत दाखवला. कोरडेपणा आणि १२० अंशांवरची उष्णता मिळाली की तो बनतो, म्हणून तो वेफर्स आणि बिस्किटांत जास्त, उकडलेल्या-शिजवलेल्या अन्नात नगण्य. शेंगदाणे तांबूस भाजा, काळे नको. एवढं पुरे.

आता ज्या कणांकडे मी स्वतः लक्ष देते ते सांगते. हे कण स्वयंपाकातून तयार होत नाहीत, बाहेरून येतात.

एक म्हणजे कागदी कप. तुमच्या ऑफिसातला दोन वेळचा चहा बहुधा त्यातच असतो. कप कागदाचा दिसला तरी आतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, नाहीतर चहा झिरपला असता. खरगपूरच्या आयआयटीने २०२० मध्ये मोजलं: ८५-९० अंशांचं शंभर मिलिलिटर पाणी अशा कपात पंधरा मिनिटं ठेवलं तर सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिक कण त्यात उतरतात. गरम रस्सा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणणं ही मला त्याच जातीची सवय वाटते. व्हिएन्नातल्या एका छोट्या अभ्यासात २०१९ मध्ये आठ देशांतल्या आठ माणसांचं शौच तपासलं, आठहीजणांत प्लॅस्टिकचे कण सापडले. चीनमधल्या अभ्यासात आतड्याला सूज असलेल्या रुग्णांच्या शौचात हे कण निरोगी माणसांपेक्षा जास्त होते, ग्रॅमला साधारण ४२ विरुद्ध २८. प्लॅस्टिकमुळे सूज आली की सुजलेल्या आतड्यात प्लॅस्टिक जास्त अडकलं, हे त्यावरून ठरत नाही. पण इथे मला वाट बघायची गरज वाटत नाही, कारण उपाय फुकट आहे. ऑफिसच्या खणात स्टीलचा पेला ठेवा. जेवण काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात गरम करा.

दुसरे कण पाकिटातले. पाकिटाच्या मागे, आत मिसळलेल्या पदार्थांचे सांकेतिक आकडे बारीक अक्षरांत असतात. १७१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, गोळ्या-चॉकलेटवरचा लखलखीत पांढरेपणा. त्यातला काही भाग नॅनो आकाराचा असतो आणि तो पचत नाही. फ्रान्सने २०२० पासून त्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याला सुरक्षित म्हणायचं सोडलं, कारण जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नव्हती, आणि २०२२ मध्ये तो सगळ्या युरोपीय संघात अन्नातून बाद झाला. ४६६ आणि ४३३ हे तेल-पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ. उंदरांत त्यांनी श्लेष्माचा थर पातळ केल्याचं २०१५ मध्ये दिसलं. मग ४६६ माणसांवर तपासला गेला: सोळा निरोगी माणसं, त्यांतल्या काहींना अकरा दिवस रोज १५ ग्रॅम. ४६६ घेणाऱ्यांपैकी दोघांत जिवाणू भिंतीच्या नेहमीपेक्षा जवळ सरकलेले आढळले. १५ ग्रॅम ही रोजच्या खाण्यातल्या मानाने मोठी मात्रा आहे, तेव्हा एका आइस्क्रीमने काही होत नाही. पण ज्यांचं पोट आधीच कुरकुरतंय त्यांनी रोजच्या खाण्यातून हे आकडे असलेली पाकिटं काढावीत असं मी सांगते. पाकिटावरचे सगळेच आकडे वाईट नसतात. ३२२ म्हणजे बहुधा सोयाबीनचं लेसिथिन, त्याने दचकू नका.

आणि हो, तांदळातले किंवा आल्यातले सूक्ष्म कण आपली जनुकं चालवतात असाही एक दावा फिरतो. तांदळातला असा रेणू शिजवूनही टिकतो आणि माणसाच्या रक्तात सापडतो, असं चीनच्या एका गटाने २०११-१२ च्या सुमाराला मांडलं. नंतर इतरांनी तपासलं तेव्हा त्यांना तो परिणाम मिळाला नाही. आल्याच्या नॅनो-कणांनी उंदरांच्या आतड्याची सूज कमी झाली, हे अमेरिकेतल्या लुइव्हिलचं २०१८ चं काम आशादायक आहे, पण ते कण प्रयोगशाळेत वेगळे काढून दिले होते. चहात आलं जरूर घाला, चवीसाठी.

इथे एक कबुली द्यायला हवी. कामाच्या सुरुवातीच्या काळात मोठ्या आतड्याला व्रण असलेल्या प्रत्येक पेशंटला मी छापील कागद द्यायचे: भाकरी नको, साली नकोत, बिया नकोत, चोथा नको. आजार भडकलेला असताना तो कागद ठीक होता. पण आजार शांत झाल्यावर तो परत घ्यायला मी विसरायचे. माणसं पाच-पाच वर्षं पेज आणि ब्रेडवर राहायची, आणि मीच कारण असायचे. आज मी कागदावर तारीख घालते आणि त्या तारखेला बोलावून चोथा परत सुरू करते. तुमच्यावर ती बंधनं कुणी डॉक्टरने घातलेली नाहीत, व्हिडिओने घातली आहेत, म्हणून ती उठवायला मला संकोच वाटत नाही.

तरी काही माणसांनी हे वाचून लगेच कण्या खाऊ नयेत. आतड्याचा क्षयरोग किंवा क्रोन्सच्या (आतड्याला वरचेवर सूज येण्याच्या) आजारामुळे आतडं कुठे अरुंद झालेलं असेल, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा व्रणाचा आजार सध्या भडकलेला असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय भरड काही नाही. आणि तुम्हाला स्पष्ट विचारते: शौचातून रक्त जातं का, प्रयत्न न करता वजन उतरलंय का, हिमोग्लोबिन कमी आलंय का, रात्री झोपेतून उठून जावं लागतं का, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालाय का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल, किंवा वय पंचेचाळिशीच्या पुढे असून सवय अलीकडेच बदलली असेल, तर आहार बाजूला ठेवून आधी पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. थायरॉईडचीही एक तपासणी करून घ्या, बायकांत बद्धकोष्ठाचं ते कारण नेहमी सुटून जातं.

हे सगळं नाही असं धरून सांगते. पहिल्या आठवड्यात फक्त दोन बदल: चहा स्टीलच्या पेल्यात आणि सूप गाळायचं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी कण्या. गिरणीत ज्वारीचा भरडा काढून आणा, चाळून पीठ वेगळं करा, ते भाकरीला वापरा. वरची कणी तीळ-मोहरीएवढी हवी. पाव वाटी कण्या धुऊन रात्री भिजत घाला. सकाळी दीड वाटी पाण्याचं आधण ठेवून मीठ घाला, कण्या वैरा आणि झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवा, मधूनमधून ढवळत. दाताखाली कणी मऊ लागली पाहिजे, पण तिचं अस्तित्व जाणवलं पाहिजे. कोमट झाल्या की ताक, जिरेपूड, थोडं आलं. घाई न करता चावून खा. पहिले चार-पाच दिवस गॅसेस थोडे वाढतील, कारण उपाशी जिवाणूंना एकदम जेवण मिळालंय. तेवढ्यावरून बंद करू नका, मात्रा मात्र वाढवू नका. दिवसातून पाणी पुरेसं प्या, नाहीतर चोथा उलटा बसतो. तिसऱ्या आठवड्यात दुपारी अर्धी भाकरी, चौथ्यात एक. हरभरा, राजमा, चवळी महिनाभर नकोत. पोट फुगणाऱ्यांना त्यांनी जास्त त्रास होतो, आधी सालीचे मूग जमू देत. गुळाचा खडा आणि मूठभर तांबूस भाजलेले शेंगदाणे दुपारच्या बिस्किटांच्या जागी घ्या.

रोज एका वहीत तीन गोष्टी लिहा: काय खाल्लं, पोट किती वाजता साफ झालं, फुगणं दहापैकी किती. सहा आठवड्यांनी ती वही घेऊन जवळच्या आहारतज्ज्ञाकडे किंवा माझ्याकडे या, तिच्यावरून पुढचं ठरवता येईल.